सेमाडोह नेमके कोठे आहे?

सेमाडोहला निसर्गशिबिरासाठी गेलेल्या शिक्षकांना सिपना नदीचा काठ माहीत असेल. काही वर्षांपूर्वी नववीच्या मुलांना घेऊन मी तेथे गेलो होतो. बरोबर भारतीय सर्वेक्षण विभागाचा जुना स्थलदर्शक नकाशा होता, ५५ जी मालिकेतला, प्रमाण १:५०,०००. एका मुलाच्या काकांचा मोबाइलही होता. मेळघाटात मोबाइलला रेंज मिळो न मिळो, जी.पी.एस.ला टॉवर लागत नाही, उपग्रह दिसले की पुरे. मुलांना सांगितले, नदीकाठी उभे राहून अक्षांश-रेखांश वाचा आणि नकाशावर टिंब द्या. सोपा पाठ होता, दहा मिनिटांत संपेल असे वाटले.

टिंब नदीवर पडलेच नाही. पुन्हा वाचले, पुन्हा मोजले. मुले पट्टी घेऊन बसली. टिंब नदीपासून जवळजवळ तीन मिलिमीटर बाजूला, टेकडीच्या उतारावर! मी शिक्षकी थाटात निकाल दिला, "मोबाइल स्वस्तातला आहे, चुकतो." त्यावर एका मुलीने विचारले, "सर, तीन मिलिमीटर म्हणजे दीडशे मीटर. मोबाइल दीडशे मीटर चुकतो, तर लोक त्यावर रस्ता कसा शोधतात?"

प्रश्न बिनतोड होता आणि माझे उत्तर चुकीचे होते. मोबाइल बरोबर होता. गंमत अशी, की नकाशाही बरोबर होता. चूक होती ती आम्ही दोघांना एकाच भाषेत बोलणारे समजलो, ही. हा लेख त्या चुकीवर आहे. आणि ती चूक आपली पाठ्यपुस्तके, नकाशांच्या संगणक-आज्ञावल्या आणि कचेऱ्या मिळून कशी जोपासतात, यावर आहे.

पृथ्वी एक, लंबगोल अनेक

अक्षांश-रेखांश पृथ्वीवर कोरलेले नसतात. ते एका कल्पित, गुळगुळीत लंबगोलावर आखलेले असतात. हा लंबगोल केवढा घ्यायचा आणि खऱ्या, ओबडधोबड पृथ्वीवर कसा बसवायचा, हे माणसाने ठरवायचे असते. या ठरावाला भूमापनात 'डेटम' म्हणतात. आपण त्याला मोजणीचा पाया म्हणू.

भारताच्या जुन्या नकाशांचा पाया एकोणिसाव्या शतकातला आहे. विल्यम लॅम्बटनने १८०२ मध्ये मद्रासकडून त्रिकोणमितीय सर्वेक्षण सुरू केले. काम उत्तरेकडे नेत असतानाच १८२३ मध्ये आपल्या विदर्भात, हिंगणघाटला त्याचा मृत्यू झाला. पुढे जॉर्ज एव्हरेस्टने १८३० मध्ये पृथ्वीच्या लंबगोलाचे आकडे काढले. विषुववृत्तीय त्रिज्या आली सुमारे ६३,७७,२७६ मीटर. हा लंबगोल मध्य प्रदेशातील सिरोंजजवळच्या कल्याणपूर येथे 'टेकवला' आणि तेथून सारा देश मोजला. भारतापुरता तो उत्तम बसतो. पण त्याचे केंद्र पृथ्वीच्या वस्तुमानकेंद्राशी जुळत नाही, सुमारे ८०० मीटर बाजूला पडते. एव्हरेस्टला त्याची गरजच नव्हती. पृथ्वीचे केंद्र शोधण्याचे साधनही त्याच्यापाशी नव्हते.

उपग्रह मात्र पृथ्वीच्या वस्तुमानकेंद्राभोवती फिरतात. म्हणून जी.पी.एस.साठी जो लंबगोल घेतला, तो त्या केंद्रावर बसवला. त्याचे नाव डब्ल्यू.जी.एस. ८४, त्रिज्या ६३,७८,१३७ मीटर. दोन्ही पायांवर अक्षांश-रेखांश काढता येतात, दोन्ही बरोबर असतात आणि दोन्ही वेगळे असतात. मध्य भारतात हा फरक जमिनीवर शंभर ते दीडशे मीटरांच्या घरात जातो. सिपनेच्या काठचे आमचे तीन मिलिमीटर ते हेच.

गोष्ट इथेही संपत नाही. 'एव्हरेस्टचा लंबगोल' म्हटले म्हणजे तरी एकच आकडा समजावा ना? पण मूळ मोजणी फुटांत होती. फुटाचे मीटर करताना वेगवेगळ्या काळी वेगवेगळे गुणक धरले गेले. त्यामुळे त्रिज्येचे एकाहून अधिक आकडे एव्हरेस्टच्याच नावाने वापरात आले. त्यांच्यात वीस-पंचवीस मीटरांचा फरक आहे. म्हणजे प्रमाणकाचे नाव सांगून भागत नाही, त्याची आवृत्तीही सांगावी लागते.

पाठ्यपुस्तकाचे मौन

आता पहिली तक्रार आपल्याच घरची. भूगोल शिकवताना आपण सांगतो, "प्रत्येक ठिकाणाला एक अक्षांश आणि एक रेखांश असतो." मुले तसेच पाठ करतात. मीही तसेच शिकवत आलो. हे वाक्य अपुरे आहे. 'अमुक पायावर' हे दोन शब्द जोडल्याशिवाय ते खरे होत नाही.

कोणी म्हणेल, सहावीच्या मुलाला डेटम कशाला? मान्य. सहावीत नको. पण नववी-दहावीपर्यंत कधी तरी हे सांगायला नको का? तापमान सांगताना आपण सेल्सिअस की फॅरनहाइट हे सांगितल्याशिवाय पुढे जात नाही. उंची सांगताना 'समुद्रसपाटीपासून' म्हणतो. मग अक्षांशालाच ही सूट का? पूर्वी याने बिघडत नव्हते, कारण देशातले सारे नकाशे एकाच पायावर होते आणि सामान्य माणसाच्या हाती दुसरे साधन नव्हते. २००० सालच्या मे महिन्यात अमेरिकेने जी.पी.एस.च्या नागरी संदेशात मुद्दाम मिसळलेली चूक काढून टाकली. त्याआधी नागरी जी.पी.एस.च शंभर मीटरपर्यंत चुकत असे, त्यामुळे पायातला फरक त्या चुकीत झाकून जाई. साधन अचूक झाले आणि जुना फरक उघडा पडला. आज तेच साधन प्रत्येक खिशात आहे. पाठ्यपुस्तकाचे मौन आता निरुपद्रवी राहिलेले नाही.

वरूडला समुद्र

मेळघाटातून थोडे पूर्वेला येऊ. अक्षांश-रेखांश अंशांत असतात. अंशांत अंतर किंवा क्षेत्रफळ काढणे कटकटीचे. म्हणून अभियंते पृथ्वीचा पृष्ठभाग सपाट कागदावर उतरवतात आणि मीटरांत काम करतात. यासाठी सर्रास वापरले जाणारे प्रक्षेपण यू.टी.एम. हे आहे. त्यात पृथ्वीचे सहा-सहा अंश रेखांशाचे ६० पट्टे करतात. प्रत्येक पट्ट्याची मोजणी स्वतंत्र. पट्टा बदलला की आकडे पुन्हा पहिल्यासारखे सुरू होतात.

४३वा पट्टा ७२ ते ७८ अंश पूर्व रेखांशांचा, ४४वा ७८ ते ८४ अंशांचा. ७८वे रेखावृत्त अमरावती जिल्ह्यातूनच जाते! सेमाडोह, चिखलदरा, परतवाडा आणि अमरावती शहर पडतात ४३व्या पट्ट्यात, आणि वरूड ४४व्यात. जिल्ह्याचा एक नकाशा करायला बसलेल्या माणसाने वरूडचे आकडे घेतले, पट्टा लिहिला नाही आणि संगणकाने सगळे ४३वे समजले, तर काय होईल? वरूड बरोबर सहा अंश पश्चिमेला सरकेल. संत्र्यांच्या बागा थेट गुजरातच्या किनाऱ्याला, खंबातच्या आखातापाशी जाऊन पडतील.

ही चूक हसण्यावारी जाते, कारण ती चटकन दिसते. सहाशे किलोमीटरची चूक कोणाला फसवत नाही. फसवते ती दीडशे मीटरची. नकाशावर सारे काही जागच्या जागी वाटते. नदी नदीसारखी दिसते, रस्ता रस्त्यासारखा. फक्त ते एकमेकांपासून किंचित ढळलेले असतात आणि पाहणाऱ्याला वाटते, रेघ जरा जाड आली असेल.

आज्ञावल्यांचा शहाणपणा

एका मोठ्या कामाच्या नकाशांवर आज एकच आज्ञावली चालत नाही. रस्त्याचा किंवा पुलाचा आराखडा करणारा अभियंता ऑटोकॅडसारख्या आज्ञावलीत रेघा काढतो. जंगलाच्या किंवा पाण्याच्या नोंदी ठेवणारे आर्कजीआयएस किंवा २००२ पासून विकसित होत असलेले, मोफत मिळणारे क्यूजीआयएस वापरतात. जमिनीची मोजणी यंत्राबरोबर आलेल्या तिसऱ्याच आज्ञावलीत उतरते. प्रत्येक आज्ञावली आपापल्या जागी चांगली आहे. प्रश्न येतो तो एकीची फाइल दुसरीत उघडताना.

सर्वांत जास्त फिरणारी नकाशा-फाइल म्हणजे 'शेपफाइल'. नावाला ती एक, प्रत्यक्षात निदान तीन फायलींचा जुडगा: एकीत आकृती, दुसरीत आकृतीची सूची, तिसरीत माहितीचा तक्ता. पाया आणि प्रक्षेपण कोणते, हे सांगणारी चौथी फाइल निराळी असते आणि ती ऐच्छिक आहे! ती नसली तरी नकाशा उघडतो. पेनड्राइव्हवर घेताना कोणी ती चौथी विसरला, की पुढच्या माणसाला आकृती मिळते, पण तिचा पत्ता मिळत नाही.

अशा वेळी आज्ञावलीने काय करावे? काही आज्ञावल्या विचारतात, काही अंदाज बांधतात, काही आधीच उघडलेल्या नकाशाचा पाया यालाही लागू करतात. अंदाज बहुधा बरोबर येतो, म्हणूनच तो घातक आहे. दहा वेळा बरोबर आलेल्या अंदाजाला अकराव्या वेळी कोणी तपासत नाही. ऑटोकॅडची गोष्ट वेगळी. ती मुळात यंत्राचा सुटा भाग किंवा इमारत काढण्यासाठी वापरात आली. तिथे शून्यबिंदू आपल्या सोयीचा, एकक आपल्या मर्जीचे. तिच्यातून बाहेर पडणाऱ्या डी.एक्स.एफ. फाइलीत आकृती पृथ्वीवर कोठे आहे, हे बहुतेक वेळा लिहिलेलेच नसते.

यात आज्ञावली लिहिणाऱ्यांचा दोष किती? माझ्या मते अर्धा. वापरणाऱ्याला अडवू नये, काम चालू राहावे, हा त्यांचा हेतू समजण्यासारखा आहे. पण दर्जी माप न विचारता कापड कापू लागला, तर त्याच्या तत्परतेचे कौतुक करायचे का? पाया माहीत नसेल तर नकाशा उघडावा, पण ठळक इशारा द्यावा आणि त्यावरून क्षेत्रफळ काढू देऊ नये, एवढी सक्ती हवी होती.

उरलेला अर्धा दोष संस्थांचा. आपल्याकडे बराच काळ एव्हरेस्टच्या पायावरून डब्ल्यू.जी.एस. ८४ वर जाण्याचे अधिकृत आकडे सर्वांना सहज मिळत नसत. कारण संरक्षणाचे दिले जाई. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने नागरी वापरासाठी डब्ल्यू.जी.एस. ८४ वर आधारलेली वेगळी नकाशामालिका आणली, आणि २०१७ पासून त्या मालिकेतील १:५०,००० चे नकाशे संगणकावरून मोफत उतरवून घेता येऊ लागले. हे पाऊल चांगलेच होते. पण त्यामुळे आता एकाच गावाला दोन पत्ते झाले. जुन्या मालिकेत सेमाडोह ५५ जी मध्ये, नव्या मालिकेत एफ-४३ मध्ये. दोन्ही कागद शाळांच्या आणि कचेऱ्यांच्या कपाटात शेजारी शेजारी असतात. त्यांच्यातला फरक मात्र कपाटावर लिहिलेला नसतो.

दोन एकरांचे काय?

हे सारे हौशी लोकांचे वाद आहेत असे वाटत असेल, तर एक हिशोब करू.

२००६ च्या वनहक्क कायद्याने जंगलात पिढ्यान्‌पिढ्या कसणाऱ्या आदिवासींना, मेळघाटात मुख्यतः कोरकूंना, आपल्या वहिवाटीच्या जमिनीवर हक्क मागता येतो. मर्यादा चार हेक्टरांची. जमीन १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसत असल्याचे दाखवावे लागते. शेताच्या कडेने जी.पी.एस. घेऊन चालायचे, मिळालेली आकृती नकाशावर किंवा उपग्रहाच्या जुन्या छायाचित्रावर ठेवून पाहायची, अशी पडताळणीची पद्धत रूढ आहे.

समजा शेत दोन एकरांचे, साधारण चौकोनी. दोन एकर म्हणजे सुमारे ८,१०० चौरस मीटर. वर्गमूळ काढा: बाजू आली ९० मीटर. आता पायाच्या घोटाळ्याने ही आकृती दीडशे मीटर सरकली, तर? शेत अर्धे-मुर्धे ढळत नाही. ते स्वतःच्या जागेवरून संपूर्ण उठून शेजारी जाऊन बसते! मूळ शेताशी त्याचा एक चौरस मीटरही सामाईक राहत नाही. छायाचित्रात त्या शेजारच्या जागी साग उभा असेल, तर पडद्यासमोरचा माणूस प्रामाणिकपणे लिहील: 'वहिवाट दिसत नाही.' तो खोटे बोलत नाही. शेतकरीही खोटे बोलत नाही. खोटे बोलतो तो दोन फायलींमधला न लिहिलेला ठराव.

कायदा करणाऱ्यांना ही अडचण अगदीच ठाऊक नव्हती असे नाही. २०१२ च्या सुधारित नियमांत स्पष्ट म्हटले आहे, की उपग्रहचित्र व तत्सम तंत्र इतर पुराव्यांना पूरक म्हणून घ्यावे, त्यांच्या जागी नव्हे. पंचांनी प्रत्यक्ष शिवारात उभे राहून पाहणे, म्हाताऱ्या माणसांची साक्ष, बांध, विहीर यांना मोल आहे. भूमापनाच्या दृष्टीनेही हा नियम शहाणपणाचा आहे. बांधावर उभा असलेला माणूस डेटम चुकवू शकत नाही.

मोठ्या कामांतही हाच प्रश्न आहे. अकोला-खांडवा मीटरगेज मार्गाचे रुंदीकरण मेळघाटाच्या जंगलातून करावे की मार्ग बाहेरून वळवावा, हा वाद बरीच वर्षे गाजला. अशा वादात 'किती हेक्टर जंगल जाईल' हा आकडा कळीचा असतो. तो येतो कोठून? एका आज्ञावलीत काढलेली रुळांची रेघ दुसऱ्या आज्ञावलीतील जंगलाच्या सीमेवर ठेवून. बाजू कोणतीही घ्या, दोन्ही नकाशे एका पायावर आहेत ना, हे आधी विचारायला हवे.

एकच आज्ञावली सक्तीची करावी का?

यावर एक झटपट उपाय सुचवला जातो: सगळ्यांनी एकच आज्ञावली वापरावी. तो उपाय टिकत नाही. एअरबस कंपनीचे उदाहरण पाहा. ए-३८० या विमानाचा आराखडा जर्मनी, फ्रान्स, ब्रिटन, स्पेन अशा देशांत होत होता. सगळीकडे आज्ञावली एकच, 'कॅटिया'. पण जर्मनी व स्पेन येथे चौथी आवृत्ती, तर फ्रान्स व ब्रिटन येथे पाचवी. विमानात सुमारे ५३० किलोमीटर तारा. हॅम्बुर्गहून आलेले भाग तुलूझला जोडायला घेतले, तेव्हा तारा जुळेनात, कोठे कोठे तोकड्या पडू लागल्या. २००६ मध्ये हे उघड झाले आणि विमाने देण्याचे वेळापत्रक सुमारे दोन वर्षे मागे पडले. आज्ञावलीचे नाव एक असूनही मांडणीचे नियम एक नव्हते.

उलट उदाहरण आपल्या मराठीचे. युनिकोड रुळण्यापूर्वी एका फाँटात टंकलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की अक्षरांचा भाजीपाला होई. सगळ्यांनी एकाच कंपनीचा फाँट घ्यावा, हा त्यावरचा उपाय ठरला नाही. प्रत्येक अक्षराला एक क्रमांक ठरला, तो सर्वांना खुला राहिला, आणि फाँट ज्याला जो आवडेल तो. नकाशांसाठीही असे क्रमांक आहेत. ई.पी.एस.जी. नावाच्या सूचीत डब्ल्यू.जी.एस. ८४ चे अक्षांश-रेखांश म्हणजे ४३२६. त्यावर आधारलेला यू.टी.एम.चा उत्तर गोलार्धातील ४३वा पट्टा म्हणजे ३२६४३, आणि ४४वा ३२६४४. कल्याणपूरच्या पायांनाही आवृत्तीगणिक निरनिराळे क्रमांक आहेत. नकाशावर हा एक आकडा लिहिला की वाद संपतो.

फरक एवढाच, की फाँट बिघडला तर अक्षर ओरडून सांगते. नकाशा बिघडला तर तो गप्प राहतो. म्हणून नकाशाला क्रमांकाच्या जोडीला पडताळणीही हवी. दोन कचेऱ्यांनी फायली देण्यापूर्वी जमिनीवरच्या तीन पक्क्या खुणा निवडाव्यात: पुलाचा कोपरा, मंदिराचा कळस, सर्वेक्षणाचा दगड. आधी त्या तीन खुणा पाठवाव्यात. त्या जागेवर बसल्या तरच पुढचे काम. ठरवलेले नियम, म्हणजे पाया, पट्टा, एकक, थरांची नावे आणि गावांचे संकेतांक, हे सारे दोन पानांत लिहून एका ठिकाणी ठेवावे. बदल केला तर तारीख व आवृत्ती क्रमांक घालावा आणि तो सर्वांना कळवावा. यात महागडे काहीच नाही. तरीही हे होत नाही, कारण हे काम कोणाच्याच नावावर नसते.

वर्गात काय करावे?

शाळेत हे कसे न्यावे? ट्रेसिंग कागदाच्या दोन तुकड्यांवर मुलांना आपल्या गावाचा नकाशा काढू द्या: एकावर रस्ते, दुसऱ्यावर शेते. दुसरा कागद तीन मिलिमीटर सरकवून ठेवा आणि विचारा, कोणाचे शेत रस्त्यावर आले? कोणाची विहीर शेजाऱ्याकडे गेली? नावानिशी उत्तरे येतील. त्यानंतर डेटम शिकवायला फार वेळ लागणार नाही.

जवळ स्थलदर्शक नकाशा असेल तर त्याच्या समासातील बारीक अक्षरे वाचायला लावा. लंबगोल कोणता, प्रक्षेपण कोणते, पाहणी कोणत्या सालची, हे तिथे शोधायला सांगा. शाळेच्या फाटकाशी मोबाइलवर अक्षांश-रेखांश घ्या आणि वहीत लिहिताना शेवटी 'डब्ल्यू.जी.एस. ८४' लिहिण्याची सवय लावा. एकक न लिहिता उत्तर दिले तर आपण अर्धा गुण कापतो. हा तोच अर्धा गुण आहे.

त्या मुलीचे उत्तर मी शिबिर संपल्यावर आठवड्याने दिले. चूक मोबाइलची नव्हती, माझीच होती, हेही वर्गासमोर सांगितले. तिने पुढे विचारले, "मग सर, सेमाडोह नेमके कोठे आहे?" मी म्हणालो, "जिथे होते तिथेच, सिपनेच्या काठी. कोठून मोजले ते सांग, म्हणजे आकडा सांगतो."